युरोपीय संघाचा अर्थसंकल्प : आखणी आणि वाटप

अर्थसंकल्प म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते ती विधिमंडळातील अथवा संसदेतील परिचित घटनामालिका : अर्थमंत्र्यांचे भाषण, नव्या करांची घोषणा, मागण्यांवरील चर्चा आणि अखेर विनियोजन विधेयकाची मंजुरी. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या सदस्यांनाही आपापल्या अंदाजपत्रकाची अशीच ओळख असते. या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान असते, ती ही की खर्च मंजूर करणारी सत्ता आणि उत्पन्न उभे करणारी सत्ता यांच्या डोक्यावर एकच राज्यसंस्था असते. परंतु जेथे अशी एकच राज्यसंस्था नाही, जेथे सत्तावीस सार्वभौम राष्ट्रे एकत्र बसून एकाच तिजोरीची किल्ली फिरवितात, तेथे अर्थसंकल्प कसा तयार होत असेल? कोणाकडून किती घ्यावयाचे आणि कोणास किती द्यावयाचे, हे कोण ठरवीत असेल? मतभेद झाले तर काय होत असेल?

या प्रश्नांची उत्तरे युरोपीय संघाच्या वार्षिक अर्थसंकल्पाच्या अभ्यासातून मिळतात. सार्वजनिक पैशाचे वाटप हा ज्यांच्या नित्याच्या कामाचा भाग आहे, अशा अधिकाऱ्यांना, लोकप्रतिनिधींना आणि नागरिकशास्त्र शिकविणाऱ्या शिक्षकांना हा अभ्यास उद्बोधक वाटेल.

संघाची घडण

दुसऱ्या महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपात बेल्जियम, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स या सहा राष्ट्रांनी १९५१ मध्ये कोळसा व पोलाद समुदाय स्थापन करण्याचा करार केला. २५ मार्च १९५७ रोजी रोम येथे झालेल्या करारान्वये युरोपीय आर्थिक समुदाय अस्तित्वात आला. आपल्याकडील वृत्तपत्रे त्या काळी त्यास 'सामायिक बाजारपेठ' म्हणत असत. पुढे सदस्यसंख्या वाढत गेली. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडल्यानंतर संघात सत्तावीस राष्ट्रे उरली.

अर्थसंकल्पाच्या दृष्टीने संघाच्या तीन संस्था महत्त्वाच्या आहेत. पहिली युरोपीय आयोग. ही संघाची कार्यकारी यंत्रणा असून अर्थसंकल्पाचा मसुदा तीच तयार करते. दुसरी मंत्रिपरिषद. तीत प्रत्येक सदस्य राष्ट्राच्या शासनाचा मंत्री बसतो. तिसरी युरोपीय संसद. तिचे सदस्य १९७९ पासून थेट जनतेकडून निवडले जातात आणि २०२४ च्या निवडणुकीपासून त्यांची संख्या ७२० आहे. मंत्रिपरिषद आणि संसद मिळून अर्थसंकल्पाचे 'प्राधिकरण' होते. दोघांच्या संमतीवाचून सामान्यतः अर्थसंकल्प मंजूर होत नाही.

तिजोरी केवढी?

संघाच्या अर्थसंकल्पाविषयी पहिला गैरसमज त्याच्या आकाराबद्दलचा असतो. २०२५ या वर्षासाठी मंजूर झालेल्या अर्थसंकल्पात सुमारे १९९.४ अब्ज युरोंची दायित्वे आणि १५५.२ अब्ज युरोंची प्रदाने धरण्यात आली. (एक अब्ज म्हणजे शंभर कोटी.) रक्कम प्रचंड दिसते खरी, परंतु सर्व सदस्य राष्ट्रांच्या एकत्रित राष्ट्रीय उत्पन्नाशी तिची तुलना केली तर ती सुमारे एक टक्काच भरते. उलट, सदस्य राष्ट्रांची स्वतःची शासने आपापल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळपास निम्म्याइतका खर्च करीत असतात. निवृत्तिवेतन, शाळा, रुग्णालये, पोलीस हे सारे खर्च राष्ट्रीय शासनांकडेच आहेत. संघाच्या वाट्यास मुख्यत्वे शेती, मागास प्रदेशांचा विकास, संशोधन, सीमारक्षण आणि परराष्ट्रांस साहाय्य एवढेच विषय येतात.

दुसरी लक्षात घ्यावयाची बाब अशी की, या अर्थसंकल्पास तूट चालत नाही. करारातच तसे बंधन आहे. जेवढा खर्च तेवढे उत्पन्न दाखविलेच पाहिजे. वर्षअखेर शिल्लक उरली तर ती पुढील वर्षाच्या उत्पन्नात जमा होते आणि तेवढ्या प्रमाणात सदस्य राष्ट्रांचा भार हलका होतो.

सात वर्षांची चौकट

वार्षिक अर्थसंकल्प हा येथे स्वतंत्र दस्तऐवज नसून तो एका दीर्घ मुदतीच्या चौकटीत बसवावा लागतो. यामागे एक इतिहास आहे. १९७९ च्या डिसेंबरमध्ये नव्याने थेट निवडून आलेल्या संसदेने १९८० चा अर्थसंकल्प फेटाळून लावला. शेतीवरील खर्च बेसुमार वाढत असून त्यास आवर घातला जात नाही, हा तिचा मुख्य आक्षेप होता. १९८० च्या जुलैपर्यंत संघास अर्थसंकल्पावाचून कारभार करावा लागला. १९८४ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा तोच प्रसंग उद्भवला. दरवर्षीच्या या झगड्यास कंटाळून, आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष जाक दलोर यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये पाच वर्षांची आर्थिक चौकट प्रथम निश्चित करण्यात आली. त्यानंतरच्या चौकटी सात वर्षांच्या झाल्या : १९९३ ते १९९९, २००० ते २००६, २००७ ते २०१३, २०१४ ते २०२० आणि २०२१ ते २०२७. १ डिसेंबर २००९ रोजी अमलात आलेल्या लिस्बन कराराने या चौकटीस कायद्याचे बळ दिले.

चौकटीत प्रत्येक शीर्षाखाली प्रत्येक वर्षी जास्तीत जास्त किती रक्कम खर्ची घालता येईल, याची कमाल मर्यादा ठरविलेली असते. २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी २०१८ च्या किमतींनुसार एकूण १,०७४.३ अब्ज युरोंची मर्यादा ठरली. तिची विभागणी स्थूलमानाने अशी :

समतोल विकास व सामाजिक मूल्ये : ३७७.८ अब्ज
शेती, नैसर्गिक साधनसंपत्ती व पर्यावरण : ३५६.४ अब्ज
एकल बाजारपेठ, संशोधन व तंत्रज्ञान : १३२.८ अब्ज
शेजारी राष्ट्रे व जग : ९८.४ अब्ज
प्रशासन : ७३.१ अब्ज
स्थलांतर व सीमा व्यवस्थापन : २२.७ अब्ज
सुरक्षा व संरक्षण : १३.२ अब्ज

म्हणजे शंभर युरोंपैकी सुमारे ३५ युरो समतोल विकासास, ३३ युरो शेती व पर्यावरणास आणि सुमारे ७ युरो प्रशासनास मिळतात. संघाच्या अधिकृत भाषा चोवीस आहेत आणि प्रत्येक महत्त्वाचा कागद या साऱ्या भाषांत उपलब्ध करावा लागतो, हे ध्यानी घेतले म्हणजे प्रशासनावरील या खर्चाचा अर्थ लागतो.

ही चौकट मंजूर करताना मंत्रिपरिषदेत एकमत व्हावे लागते आणि संसदेचीही संमती लागते. एकमताची अट म्हणजे प्रत्येक राष्ट्राच्या हाती नकाराधिकार. म्हणूनच सात वर्षांतून एकदा येणारा हा प्रसंग अत्यंत कसोटीचा ठरतो. २०२० च्या जुलैमध्ये राष्ट्रप्रमुखांची शिखर परिषद १७ पासून २१ तारखेच्या पहाटेपर्यंत चालली, तेव्हा कोठे तडजोड झाली. चौकट ठरल्यावर मात्र वार्षिक अर्थसंकल्प विशेष बहुमताने मंजूर होऊ शकतो. सत्तावीसपैकी किमान पंधरा राष्ट्रे आणि त्यांची लोकसंख्या संघाच्या एकूण लोकसंख्येच्या किमान ६५ टक्के, असे या बहुमताचे स्वरूप आहे. मोठा वाद सात वर्षांतून एकदा आणि छोटा वाद दरवर्षी, अशी ही विभागणी म्हणता येईल.

उत्पन्नाच्या वाटा

संघास स्वतःचा प्राप्तिकर बसविता येत नाही. मग पैसा येतो कोठून? प्रारंभीची काही वर्षे सदस्य राष्ट्रे वर्गणी देत असत. २१ एप्रिल १९७० च्या निर्णयाने संघास 'स्वतःची साधने' देण्यात आली. या साधनांचे प्रमुख प्रकार चार आहेत.

पहिला प्रकार सीमाशुल्काचा. १ जुलै १९६८ रोजी जकात संघ पूर्ण झाल्यापासून बाहेरून येणाऱ्या मालावर सर्व सदस्य राष्ट्रांत एकाच दराने शुल्क आकारले जाते. जर्मनीतील कारखान्यासाठीचा माल नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदरात उतरतो आणि शुल्कही तेथेच वसूल होते. अशा स्थितीत ते शुल्क नेदरलँड्सचे मानणे न्याय्य ठरणार नाही. न्हावा-शेवा बंदरात गोळा होणारे सीमाशुल्क जसे महाराष्ट्राचे नसून केंद्राचे असते, तसाच हा प्रकार आहे. वसुलीच्या खर्चापोटी सदस्य राष्ट्रास २०२१ पासून यातील २५ टक्के रक्कम स्वतःकडे ठेवता येते.

दुसरा प्रकार मूल्यवर्धित कराच्या हिश्शाचा. प्रत्येक राष्ट्राचा करपाया समान पद्धतीने मोजून त्यावर ०.३ टक्के दराने रक्कम घेतली जाते. तिसरा प्रकार २०२१ पासूनचा आहे. पुनर्वापरासाठी प्रक्रिया न झालेल्या प्लॅस्टिक वेष्टनांच्या कचऱ्यावर प्रत्येक किलोग्रॅममागे ८० सेंट या दराने राष्ट्रांकडून रक्कम घेतली जाते. यात उत्पन्नाबरोबरच कचरा कमी करण्याचाही उद्देश आहे.

चौथा आणि सर्वांत मोठा प्रकार राष्ट्रीय उत्पन्नावर आधारलेल्या अंशदानाचा. पहिल्या तीन प्रकारांतून जमा होणारी रक्कम एकूण खर्चातून वजा केली जाते आणि उरलेला भाग सर्व राष्ट्रांत त्यांच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात वाटला जातो. संघाचे निम्म्याहून अधिक उत्पन्न अशा रीतीने येते. अर्थसंकल्प नेहमी संतुलित राहतो तो या शेवटच्या साधनामुळेच, कारण ते गरजेप्रमाणे कमी-अधिक होते. मात्र त्यासही कमाल मर्यादा आहे. सर्व साधने मिळून राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.४० टक्क्यांपलीकडे प्रदानांसाठी मागणी करता येत नाही. हा निर्णय बदलावयाचा तर केवळ शासनांचे एकमत पुरत नाही, तर प्रत्येक राष्ट्राने आपल्या घटनेनुसार त्यास मान्यता द्यावी लागते.

या नियमास एक मोठा अपवाद २०२० मध्ये झाला. कोविड महामारीने आलेल्या मंदीतून सावरण्यासाठी संघाने प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर रोखे विकून कर्ज उभारण्याचे ठरविले. २०१८ च्या किमतींनुसार ७५० अब्ज युरोंच्या या निधीपैकी ३९० अब्ज अनुदान आणि ३६० अब्ज कर्ज म्हणून राष्ट्रांना द्यावयाचे ठरले. संघाने उभारलेल्या या कर्जाची परतफेड २०५८ पर्यंत व्हावयाची आहे. त्यावरील व्याजाचा भार वार्षिक अर्थसंकल्पावर पडतो आणि २०२५ च्या अर्थसंकल्पावरील वाटाघाटींत व्याजवाढ हा एक कळीचा मुद्दा ठरला होता.

वर्षाचे वेळापत्रक

संघाचे आर्थिक वर्ष १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असे असते. मंजुरीची पद्धत आणि तिच्या मुदती करारातच दिलेल्या आहेत.

१ जुलैपूर्वी प्रत्येक संस्था आपल्या खर्चाचा अंदाज आयोगाकडे पाठविते. आयोग त्यांचे एकत्रीकरण करून उशिरात उशिरा १ सप्टेंबरपर्यंत मसुदा सादर करतो. प्रत्यक्षात हे काम बहुधा जूनमध्येच उरकले जाते. २०२५ चा मसुदा १९ जून २०२४ रोजी सादर झाला होता. मंत्रिपरिषद १ ऑक्टोबरपर्यंत आपली भूमिका संसदेस कळविते. मंत्रिपरिषदेत बसतात ती पैसे भरणारी शासने, त्यामुळे तिच्याकडून बहुधा कात्री लावली जाते. संसदेस त्यानंतर ४२ दिवस मिळतात. निवडून आलेल्या सदस्यांचा कल साहजिकच संशोधन, शिक्षण, युवक विनिमय यांसारख्या कार्यक्रमांस अधिक निधी देण्याकडे असतो. आपल्या सर्व सदस्यांच्या बहुमताने संसद दुरुस्त्या सुचविते.

दुरुस्त्या मंत्रिपरिषदेस मान्य नसतील तर समन्वय समिती बसते. तीत मंत्रिपरिषदेचे सत्तावीस आणि संसदेचे सत्तावीस प्रतिनिधी असतात, आणि आयोग मध्यस्थी करतो. समितीस मुदत अवघी २१ दिवसांची असते. सहमती झाली तर संयुक्त मसुद्यास दोन्ही सभागृहांनी १४ दिवसांत मान्यता द्यावयाची असते. संसदेने तो फेटाळला तर आयोगास नवा मसुदा आणावा लागतो. मंत्रिपरिषदेने फेटाळला आणि संसदेने स्वीकारला, तर संसद झालेल्या मतदानाच्या तीन-पंचमांश बहुमताने आपल्या दुरुस्त्या कायम करू शकते. यात एकूण सदस्यांचे बहुमत असावेच लागते. म्हणजे अखेरच्या टप्प्यावर पारडे किंचित संसदेकडे झुकते. अर्थसंकल्प अंतिमतः मंजूर झाल्याची घोषणाही संसदेचे अध्यक्षच करतात.

२०२५ च्या अर्थसंकल्पावर १६ नोव्हेंबर २०२४ रोजी सहमती झाली आणि २७ नोव्हेंबर रोजी संसदेने मान्यता दिली. परंतु दरवेळी इतके सुरळीत घडतेच असे नाही. २०११, २०१३, २०१५ आणि २०१९ या वर्षांच्या अर्थसंकल्पांबाबत समन्वय समितीत सहमती होऊ शकली नव्हती. आयोगास नवे मसुदे सादर करावे लागले.

वर्ष उजाडले आणि अर्थसंकल्प मंजूर नसला तर काय? त्यासाठी 'हंगामी बारावा हिस्सा' ही तरतूद आहे. दरमहा प्रत्येक प्रकरणाखाली मागील वर्षीच्या तरतुदीच्या एक-द्वादशांशापर्यंतच खर्च करता येतो आणि नव्या मसुद्यातील तरतुदीचा एक-द्वादशांश त्याहून कमी असल्यास तीच मर्यादा लागू होते. आपल्याकडील लेखानुदानाशी याचे साम्य आहे. फरक एवढाच, की लेखानुदानास संसदेचे मत घ्यावे लागते, तर येथे करारातील नियम आपोआप लागू होतो. कारभार थांबत नाही, परंतु नवी कामे सुरू करणे दुरापास्त होते.

दायित्व आणि प्रदान

संघाच्या अर्थसंकल्पात प्रत्येक बाबीसमोर दोन आकडे असतात, हे वर आलेच आहे. हा भेद नीट समजून घेणे अगत्याचे आहे. दायित्व म्हणजे या वर्षी किती रकमेची वचने देता येतील याची मर्यादा. प्रदान म्हणजे या वर्षी प्रत्यक्ष किती पैसे देता येतील याची मर्यादा. एखाद्या पुलास या वर्षी मान्यता मिळाली तरी बिले पुढील तीन-चार वर्षांत येत राहतात. कामास मान्यता मिळणे आणि निधी हाती पडणे यांतील अंतर आपल्या पंचायत सदस्यांना वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

वचने मोठी आणि प्रदाने तोकडी ठेवली, तर आज संघर्ष टळतो, पण उद्याची बिले तुंबतात. २०१० नंतरच्या काटकसरीच्या काळात नेमके हेच झाले. २०१४ च्या अखेरीस केवळ समतोल विकास निधीखालील थकलेल्या बिलांची रक्कम सुमारे २५ अब्ज युरोंच्या घरात गेली होती. प्रादेशिक कामांत बहुधा खर्च आधी स्थानिक यंत्रणेने करावयाचा आणि भरपाई मागाहून मिळावयाची अशी पद्धत असल्याने, बिल थकले की त्याची झळ प्रथम लहान नगरपालिकांना आणि स्वयंसेवी संस्थांना लागते. ब्रसेल्समधील आकड्यांचा वाद शेवटी एखाद्या दूरच्या गावातील अर्धवट कामापर्यंत जाऊन पोहोचतो, तो असा.

याउलट, मंजूर निधी वेळेत न वापरणाऱ्यांसाठीही नियम आहे. २०२१ ते २०२६ या वर्षांतील दायित्वांपोटीच्या रकमेची मागणी त्यानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या अखेरपर्यंत केली नाही, तर ती रक्कम रद्द होते. २०२७ च्या दायित्वांसाठी ही मुदत दोन वर्षांचीच आहे.

वाटपाचे सूत्र

'प्रादेशिक असमतोल' आणि 'अनुशेष' हे शब्द महाराष्ट्रास नवे नाहीत. दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालापासून ते आपल्या सार्वजनिक चर्चेचा भाग झाले आहेत. युरोपीय संघात या असमतोलाचे मोजमाप कसे होते, हे म्हणूनच पाहण्यासारखे आहे.

संघाचे क्षेत्र सांख्यिकीसाठी सामान्यतः ८ ते ३० लाख लोकवस्तीच्या प्रदेशांत विभागलेले आहे. प्रत्येक प्रदेशाचे दरडोई उत्पादन, तेथील किमतींची पातळी लक्षात घेऊन, संघाच्या सरासरीशी ताडून पाहिले जाते. सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी असेल तो 'अल्पविकसित', ७५ ते १०० टक्के असेल तो 'संक्रमणशील' आणि त्याहून वर असेल तो 'अधिक विकसित' प्रदेश. २०२१ ते २०२७ या काळासाठी २०१५ ते २०१७ या तीन वर्षांची सरासरी आधारभूत धरण्यात आली. अल्पविकसित प्रदेशात कामाच्या खर्चाचा ८५ टक्क्यांपर्यंतचा भार संघ उचलतो, तर अधिक विकसित प्रदेशात हे प्रमाण सामान्यतः ४० टक्क्यांपर्यंतच असते.

अल्पविकसित प्रदेशाचा निधी ठरविण्याचे सूत्र एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका प्रदेशाची लोकसंख्या २० लाख आहे. तेथील दरडोई उत्पादन १८,००० युरो आणि संघाची सरासरी ३०,००० युरो आहे. दरडोई तफावत १२,००० युरोंची झाली. तिला २० लाखांनी गुणले की २४ अब्ज युरो येतात. या रकमेच्या ठराविक टक्के, समजा २ टक्के, म्हणजे ४८ कोटी युरो हा त्या प्रदेशाचा मूळ वार्षिक वाटा. हा टक्का सर्वांस समान नसतो. प्रदेश ज्या राष्ट्रात आहे ते राष्ट्रच गरीब असेल तर तो अधिक असतो आणि श्रीमंत असेल तर कमी. त्यात बेकारी आदी निकषांनुसार भर पडते. शेवटी कोणत्याही राष्ट्रास त्याच्या उत्पादनाच्या ठराविक प्रमाणापलीकडे निधी मिळू नये म्हणून मर्यादा लावली जाते, कारण पचवता येईल त्याहून अधिक निधी दिल्याने विकास होतोच असे नाही.

सूत्र गणिती असले तरी त्यातील टक्केवारी आणि मर्यादा राजकीय वाटाघाटींतूनच ठरतात. परंतु एकदा ठरल्यावर सर्वांस ते एकाच मापाने लागू होते आणि कोणासही हिशेब मांडून पाहता येतो, हा त्याचा मोठा गुण आहे.

शेतीचा वाटा

संघाच्या इतिहासात शेतीइतका वादग्रस्त विषय दुसरा नाही. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी सुमारे दोन-तृतीयांश अर्थसंकल्प शेतीकडे जात असे. शेतकऱ्यांस हमीभाव दिला जाई आणि बाजारात न खपलेला माल संघ विकत घेई. परिणामी लोणी आणि दूधभुकटी यांचे अवाढव्य साठे झाले. या साठ्यांचा भारताशीही संबंध आला. १९७० मध्ये सुरू झालेल्या 'दूध महापूर' योजनेत युरोपीय समुदायाने देणगीदाखल दिलेली दूधभुकटी आणि बटर ऑइल मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई या महानगरांच्या दुग्धशाळांत वापरण्यात आले आणि त्यांच्या विक्रीतून उभ्या राहिलेल्या निधीतून सहकारी दुग्धव्यवसायास भांडवल मिळाले. युरोपच्या अर्थसंकल्पातील एक दोष अशा रीतीने आपल्याकडे कामी आला.

१९९२ पासूनच्या सुधारणांनी हमीभावाऐवजी शेतकऱ्यास थेट साहाय्य देण्याकडे कल वळला. शेती व पर्यावरणाचा वाटा २०२१ च्या चौकटीत एक-तृतीयांशावर आला. ग्रामविकास निधीपैकी किमान ५ टक्के रक्कम १९९१ मध्ये सुरू झालेल्या 'लीडर' पद्धतीसाठी राखून ठेवली जाते. तीत गावपातळीवरील स्थानिक कृतिगट आपल्या भागाचा आराखडा स्वतः करतात आणि या गटांत शासकीय संस्थांसह कोणत्याही एका हितसंबंधाचे वर्चस्व होऊ दिले जात नाही.

देणारे आणि घेणारे

सामायिक तिजोरी म्हटली की 'आम्ही दिले किती आणि मिळाले किती' हा प्रश्न अटळ असतो. ब्रिटनकडे शेती थोडी आणि आयात मोठी, त्यामुळे त्याचे देणे अधिक आणि मिळकत कमी होती. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी हा प्रश्न धसास लावला आणि १९८४ च्या जूनमध्ये फोंतेनब्लो येथील शिखर परिषदेत ब्रिटनच्या निव्वळ तुटीच्या ६६ टक्के रक्कम परत देण्याचे मान्य झाले. ही सूट ब्रिटन संघात असेपर्यंत चालू राहिली. तिचा भार इतरांवर पडला आणि मग इतरांनीही सवलती मागितल्या. २०२१ च्या चौकटीतही जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, स्वीडन आणि डेन्मार्क यांना अंशदानात ठोक सूट देण्यात आली. निव्वळ रकमेने सर्वांत मोठा दाता जर्मनी आहे, तर समतोल विकास निधीचा सर्वांत मोठा लाभार्थी पोलंड आहे.

देणाऱ्या राष्ट्रांचा युक्तिवाद असा की, आमच्या करदात्यास आम्हांला उत्तर द्यावे लागते. घेणाऱ्या राष्ट्रांचा युक्तिवाद असा की, आमची बाजारपेठ तुमच्या कारखान्यांना खुली झाली आणि आमच्याकडील रस्त्यांची कंत्राटे पुष्कळदा तुमच्याच कंपन्यांना मिळतात. सारा लाभ अर्थसंकल्पाच्या जमाखर्चात दिसत नसतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणूनच एका वर्षाच्या ताळेबंदावरून न्याय-अन्याय ठरविणे योग्य नव्हे.

खर्चावर देखरेख

अर्थसंकल्पाचा बहुतांश भाग प्रत्यक्षात सदस्य राष्ट्रांच्या यंत्रणांमार्फत खर्च होतो, तथापि अंतिम जबाबदारी आयोगाची राहते. १९७५ च्या कराराने स्थापन झालेले आणि १९७७ पासून लक्झेंबर्ग येथे कार्यरत असलेले लेखा न्यायालय दरवर्षी हिशेब तपासते. नियमांनुसार न झालेल्या खर्चाचे अंदाजित प्रमाण त्याने २०२२ साठी ४.२ टक्के आणि २०२३ साठी ५.६ टक्के दर्शविले. मान्य मर्यादा २ टक्क्यांची आहे. यातील प्रत्येक चूक म्हणजे अपहार नव्हे, परंतु नियम गुंतागुंतीचे असले की चुका वाढतात, हा धडा त्यातून मिळतो.

लेखा अहवालानंतर संसद आयोगास हिशेबमान्यता देते. ही औपचारिकता नाही. १९९६ च्या हिशेबास संसदेने १९९८ च्या डिसेंबरमध्ये मान्यता नाकारली. त्यातून चौकशी झाली आणि मार्च १९९९ मध्ये जाक सांतेर यांच्या अध्यक्षतेखालील संपूर्ण आयोगास राजीनामा द्यावा लागला. अलीकडे २०२१ पासून, कायद्याचे राज्य धोक्यात आल्याने संघाच्या निधीस बाधा येत असेल तर निधी रोखण्याचा अधिकारही संघास मिळाला आहे. त्यानुसार डिसेंबर २०२२ मध्ये हंगेरीची सुमारे ६.३ अब्ज युरोंची दायित्वे स्थगित करण्यात आली.

समारोप

जुलै २०२५ मध्ये आयोगाने २०२८ ते २०३४ या काळासाठी चालू किमतींनुसार सुमारे २,००० अब्ज युरोंच्या चौकटीचा प्रस्ताव मांडला. शेती आणि प्रादेशिक विकास यांचे निधी प्रत्येक राष्ट्राच्या एका संयुक्त योजनेखाली आणावेत, अशी त्यातील एक प्रमुख सूचना आहे. निधीचे एकत्रीकरण केल्यास लवचीकता येते, परंतु शेतकऱ्यांच्या आणि प्रदेशांच्या हक्काचा वाटा राष्ट्रीय राजधान्यांच्या मर्जीवर तर जाणार नाही ना, अशी शंका त्यावर लगेच व्यक्त झाली. राखीव वाटा की लवचीक निधी, हा प्रश्न ब्रसेल्समध्ये जेवढा जिवंत आहे तेवढाच तो जिल्हा नियोजनाच्या कोणत्याही बैठकीत जिवंत असतो.

संघाची पद्धत निर्दोष नाही. ती संथ आहे, क्लिष्ट आहे आणि एका राष्ट्राच्या हट्टापायी अडू शकते. तरीही, पूर्वी दोन महायुद्धांत परस्परांविरुद्ध लढलेली राष्ट्रे दरवर्षी नोव्हेंबरमध्ये एका टेबलाभोवती बसून आकड्यांवर वाद घालतात आणि बहुधा वर्ष संपण्यापूर्वी मार्ग काढतात, ही गोष्ट लहान नव्हे. मोठ्या मुदतीची चौकट आधी ठरविणे, वाटपाचे सूत्र उघड ठेवणे, मतभेदांसाठी ठराविक मुदतीची समिती नेमणे आणि निर्णय झाला नाही तरी दैनंदिन कारभार थांबू न देणे, या चार गोष्टी तिच्यापासून घेण्याजोग्या आहेत. निधी थोडा आणि मागणारे पुष्कळ, ही स्थिती ग्रामपंचायतीपासून राष्ट्रसंघांपर्यंत सर्वत्र सारखीच असते. अशा वेळी ज्याच्या वाट्यास कमी आले त्यासही तो वाटा कसा ठरला हे समजावून सांगता येणे, ही सार्वजनिक वाटपाची खरी कसोटी होय.